जिवंतांचे घर

एखाद्या वस्तीला गाव केव्हा म्हणावे, हा प्रश्न सरकारी दप्तरात फारसा अवघड नसतो. माणसांची मोजदाद, पोलीस ठाणे, टपालघर, शाळा एवढे जमले की दप्तराचे समाधान होते. मनाचे समाधान मात्र इतक्यावर होत नाही. ज्या मातीत आपले कोणी मिसळलेले नाही, त्या मातीवर कितीही वर्षे राहिले तरी आपण तेथे मुक्कामाला आलो आहोत, अशीच भावना खोल कोठे तरी टिकून राहते. भिलाईकर मराठी माणसाला ही भावना चांगली परिचित आहे.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात करार झाला आणि दुर्ग जिल्ह्याच्या धानाच्या शिवारात पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ज्या खेड्यांच्या जमिनीवर हे नगर वसले, त्या खेड्यांचे पूर्वज येथे होतेच. परंतु नागपूर, भंडारा, पुणे, कोकण अशा दिशांनी आलेल्या आम्हां मंडळींचे येथे कोणीच नव्हते. आम्ही सेक्टरातल्या घराला 'क्वार्टर' म्हणत असू आणि 'घर' हा शब्द सुट्टीत जेथे जायचे त्या ठिकाणासाठी राखून ठेवलेला असे. पहिल्या पिढीतले कोणी गेले, की दहन शिवनाथच्या परिसरात होई; पण अस्थी कोणी राजिमला, कोणी नाशिकला, कोणी पैठणला नेई. माणूस येथे तीस वर्षे राबला तरी शेवटची मूठभर राख त्याला येथली मानायला आम्ही तयार नव्हतो.

परक्या भूमीत राहणाऱ्याने आपले मृत कोठे ठेवावे, हा प्रश्न फार प्राचीन आहे. जगातल्या एका जुन्या ग्रंथात तो अगदी व्यवहाराच्या भाषेत आलेला आढळतो. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम हा कनान देशात उपरा होता. देवाने त्याला तो सगळा देश देण्याचे वचन दिले होते. पण पत्नी सारा एकशे सत्ताविसाव्या वर्षी वारली तेव्हा तिला पुरण्यापुरती जमीनही त्याच्या मालकीची नव्हती. तो हेब्रोनच्या हित्ती लोकांपुढे उभा राहिला, आपण येथे परदेशी आणि पाहुणे आहोत असे त्याने स्पष्ट सांगितले, आणि मकपेलाची गुहा मागितली. जमिनीचा मालक एफ्रोन ती फुकट द्यायला निघाला. अब्राहामाने ती फुकट घेतली नाही. चारशे शेकेल रुपे साक्षीदारांसमक्ष तोलून दिले आणि मग पत्नीला तेथे ठेवले. वचनातल्या त्या देशात विकत घेऊन त्याच्या मालकीची झालेली पहिली भूमी ही अशी स्मशानभूमी होती. पुढे तो स्वतः, त्याचा पुत्र इसहाक आणि सून, नातू याकोब आणि नातसून, अशी तीन पिढ्यांची जोडपी त्याच गुहेत विसावली.

'उत्पत्ती' या पुस्तकातील हा प्रसंग आम्ही अनेक वेळा वाचला आहे. अब्राहामाच्या दुःखाला तेथे एक ओळही पुरती लाभत नाही, पण खरेदीखत मात्र शेत, गुहा आणि बांधावरची झाडे यांसकट नोंदलेले आहे. परक्याला दान मिळू शकते. हक्क मात्र मोबदला दिल्यावाचून मिळत नाही, आणि आपल्या माणसाची कबर कोणाच्या मेहेरबानीवर ठेवता येत नाही, हे त्या वृद्ध मेंढपाळाने जाणले होते.

यहुद्यांविषयी आम्हांला जिव्हाळा वाटण्याचे कारण ग्रंथ नव्हे. आमच्या आईचे माहेर रेवदंड्याचे. तिच्या माहेरच्या शेजारी बेने इस्रायलांचे घर होते. त्या घरातल्या कर्त्या पुरुषाला ती काका म्हणत असे. काकांची वृद्ध आई वारली तेव्हाची हकिकत ती आम्हांला सांगे. सकाळी प्राण गेला आणि ऊन उतरायच्या आत पुरुषमंडळी मातीवरून परतलीसुद्धा. घरात शिरण्यापूर्वी प्रत्येकाने हात धुतले. सात दिवस घरची माणसे जमिनीवर बसून होती. त्यांच्या खाण्यापिण्याचे नियम ठाऊक असल्याने आमच्या आजीने शिजवलेले अन्न धाडले नाही. नारळ आणि केळी पाठवली. हे सांगताना आई नेहमी म्हणे, 'सुतक त्यांचेही आपल्यासारखेच, पण त्यांच्याकडे कावळा नाही.' लहानपणी आम्हांला या वाक्याचे हसू येई. पुढे पुढे त्यातला प्रश्न कळू लागला. कावळा नाही, पिंड नाही, श्राद्ध नाही. मग गेलेला माणूस गेला कोठे, आणि मागे राहिलेल्यांचे त्याच्याशी नाते उरले कोणते?

प्राचीन इब्री माणसाला हा प्रश्न विचारला असता तर त्याने बहुधा फारच थोडके उत्तर दिले असते. तो म्हणाला असता, 'तो आपल्या पितरांना जाऊन मिळाला.' हा केवळ भाषेचा अलंकार नव्हता. यरुशलेमच्या परिसरात इसवी सनापूर्वीच्या आठव्या ते सहाव्या शतकांतल्या खडकात कोरलेल्या कबरी सापडल्या आहेत. खोलीच्या तीन बाजूंना दगडाचे ओटे असत. नवा मृतदेह ओट्यावर ठेवीत. जवळ दिवा, तेलाची कुपी, एखादे भांडे ठेवीत. काही काळाने त्याच घरातला दुसरा कोणी वारला, की आधीची हाडे गोळा करून खोलीतल्या एका खळग्यात सरकवीत. त्या खळग्यात आजोबा, पणजोबा, त्यांचे चुलते सारे आधीच एकत्र झालेले असत. पितरांना मिळणे म्हणजे असे हाडांनी हाडांना मिळणे होते.

यरुशलेमजवळच्या केतेफ हिन्नोम येथे १९७९ साली गाब्रिएल बर्काय या पुराणवस्तुशास्त्रज्ञाला अशाच एका कबरीच्या खळग्यात रुप्याच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या मिळाल्या. उलगडल्यावर त्यांवर याजकांनी लोकांना द्यावयाच्या आशीर्वादाची वाक्ये कोरलेली आढळली. बायबलातील मजकुराचा आजवर हाती लागलेला हा सर्वांत जुना पुरावा मानला जातो. वापरातला हा ताईत होता. मोठमोठ्या मंदिरांतले लेख नष्ट झाले, आणि कोणा एकाच्या गळ्यात वा दंडावर असलेला ताईत कबरीच्या अंधारात अडीच हजारांहून अधिक वर्षे आशीर्वाद सांभाळीत राहिला.

पुढे इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास यरुशलेममध्ये हाडांसाठी चुनखडीच्या लहान पेट्या वापरू लागले. मृतदेह कबरीत वर्षभर ठेवायचा, मांस मातीला मिळाले की मुलाने हाडे वेचून पेटीत ठेवायची. पेटीची लांबी मांडीच्या हाडाइतकी असे, कारण माणसाच्या शरीरातले सर्वांत लांब हाड तेच. आपल्याकडे दहनानंतर अस्थी सावडतात. तेथे वर्षानंतर सावडीत. अग्नीने एका रात्रीत जे होते ते मातीने करायला वर्ष लागते, एवढाच काय तो फरक. मिश्नेमध्ये यावर एक मोठा मार्मिक वाद नोंदलेला आहे. सणाच्या दिवसांत आईबापांची हाडे सावडावीत की नाही? रब्बी मेईर म्हणतात, सावडावीत, कारण मुलाला तो आनंद आहे. बापाची यातना संपली, तो पितरांत पोचला. रब्बी योसे म्हणतात, नाही. मुलाला ते दुःखच आहे. दोन्ही मते ग्रंथात जपून ठेवली आहेत. ज्यांनी बापाच्या अस्थी हातात घेतल्या आहेत, त्यांना हे दोन्ही रब्बी खरे बोलत होते हे वेगळे सांगायला नको.

परलोकाविषयी मात्र जुना इब्री ग्रंथ जवळजवळ मौन पाळतो. मेल्यानंतर सारे शेओलमध्ये जातात. मराठी बायबलात याला अधोलोक म्हटले आहे. तेथे शिक्षा नाही आणि बक्षीसही नाही. राजा आणि गुलाम तेथे सारखेच निजलेले. तेथून देवाची स्तुतीही ऐकू येत नाही. शौल राजाने एनदोरच्या भुताळणीकडून मृत शमुवेलाला वर बोलाविले, तेव्हा त्या वृद्धाने पहिला प्रश्न केला तो आपल्या झोपेत व्यत्यय का आणलास, असा. मृतांना विचारून भविष्य पाहण्यास धर्मशास्त्राने सक्त मनाई केली होती. शेजारच्या मिसर देशात राजांनी मृत्यूनंतरच्या प्रवासासाठी डोंगराएवढी थडगी बांधली असता, तेथून बाहेर पडलेल्या या लोकांनी मृत्यूपलीकडच्या प्रदेशाचा नकाशाच काढला नाही. त्या देशातून निघताना त्यांनी बरोबर नेले ते योसेफाच्या अस्थींचे ओझे. मोशेने त्या अस्थी रानावनातून वाहिल्या आणि अखेर शखेम येथे त्या मातीत ठेवल्या गेल्या. योसेफाला तसे वचन दिलेले होते.

मग पुनरुत्थानाची कल्पना आली कोठून? तिचा उगम आम्हांस तर्कात दिसत नाही, अन्यायात दिसतो. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात बाबेलच्या हद्दपारीत यहेज्केल संदेष्ट्याने सुक्या हाडांनी भरलेले खोरे पाहिले आणि ती हाडे एकमेकांना जुळून उभी राहताना पाहिली. पण ते दर्शन राष्ट्राविषयी होते. विखुरलेली जमात पुन्हा उभी राहील, असा त्याचा अर्थ होता. इसवी सनापूर्वी १६५ च्या सुमारास, अंतियोकस राजाच्या छळाच्या काळात, दानीएलाच्या पुस्तकात ही गोष्ट एकेका माणसाविषयी बोलली गेली. धुळीत निजलेले पुष्कळ जण जागे होतील, असे तेथे प्रथमच स्वच्छ म्हटले आहे. कारण उघड आहे. तोपर्यंत चांगल्याचे फळ दीर्घायुष्य आणि संतती या रूपाने याच जन्मी मिळते, अशी समजूत होती. आता तर धर्म पाळला म्हणूनच तरुण मुले मारली जात होती. त्यांचा हिशेब या जगात पुरा होणे शक्य नव्हते. देव न्यायी असेल तर दुसरे खाते उघडणे भाग होते.

हे सर्वांना पटले असे नाही. मंदिराच्या कारभारातले सदूकी पुनरुत्थान मानीत नसत, परूशी मानीत. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर जाळले, सदूकी लयाला गेले आणि परूश्यांच्या परंपरेतील रब्बींचे मत पुढे चालले. मिश्नेत पुनरुत्थान नाकारणाराला येणाऱ्या जगात वाटा नाही, असे म्हटले आहे. बाराव्या शतकात मैमोनिदीसने श्रद्धेची तेरा तत्त्वे मांडली, त्यांतले तेरावे पुनरुत्थानाचे. म्हणजे शेओलच्या मौनापासून तेराव्या तत्त्वापर्यंत श्रद्धेने केवढा तरी पल्ला गाठला.

आपल्याकडेही असेच घडलेले नाही काय? ऋग्वेदातला मृत यमाच्या राज्यात पितरांबरोबर नांदतो; उपनिषदांत तो कर्मानुसार पुन्हा जन्म घेतो. आपण दोन्ही मानतो. बाप पुन्हा जन्मला असे म्हणतो आणि भाद्रपदात त्याच्यासाठी पानही वाढतो. पुन्हा जन्मला असेल तर ते पान कोणासाठी, असे विचारणारा मुलगा प्रत्येक घरात एकदा तरी निपजतो आणि मोठा झाल्यावर मुकाट्याने पान वाढू लागतो. श्रद्धा थरावर थर चढवीत राहतात. हात मात्र जुनेच काम करीत राहतात.

यहुद्यांच्या हातांनी कोणते काम जपले, ते पाहू लागलो तेव्हा आम्ही अधिक सावध होऊन वाचू लागलो. ताल्मुदात एक हकिकत आहे. एके काळी प्रेतसंस्काराचा खर्च इतका वाढला, की आप्तांना मृत्यूपेक्षा तोच जड वाटू लागला. काही जण प्रेत टाकून पळून जाऊ लागले. तेव्हा रब्बान गमलिएल याने, जो समाजाचा पुढारी होता त्याने, आपल्याला साध्या तागाच्या वस्त्रात न्यावे अशी व्यवस्था केली. सगळ्या लोकांनी तोच पायंडा घेतला. त्याच ठिकाणी असेही सांगितले आहे, की पूर्वी श्रीमंतांचे चेहरे उघडे आणि दुष्काळाने काळवंडलेले गरिबांचे चेहरे झाकलेले नेत. गरिबांना लाज वाटू लागली, म्हणून सर्वांचेच झाकण्याचे ठरले. दुःखी घरी श्रीमंत लोक रुप्यासोन्याच्या तबकांतून अन्न नेत आणि गरीब सोललेल्या फोकांच्या टोपल्यांतून. तेव्हा सर्वांनी टोपल्याच न्याव्यात असे ठरले. जोसेफसने हेरोद राजाच्या अंत्ययात्रेचे वर्णन केले आहे. सोन्याची तिरडी, तिच्यावर रत्ने. ती मिरवणूक इतिहासात उरली. रब्बानाचे साधे वस्त्र लोकांच्या अंगावर उरले. आजही परंपरेने चालणाऱ्या यहुद्याला पांढऱ्या साध्या वस्त्रात पुरतात, आणि त्या वस्त्राला खिसा नसतो.

मृताला स्नान घालणे, वस्त्र नेसविणे, माती देणे हे काम त्यांच्यात गावचे एक मंडळ करते. त्याला हेव्रा कादिशा, म्हणजे पवित्र मंडळ, असे म्हणतात. प्राग येथील असे मंडळ १५६४ सालचे. पुरुषांना पुरुष आणि स्त्रियांना स्त्रिया स्नान घालतात. काम होईपर्यंत वायफळ बोलत नाहीत, मृताच्या देहावरून वस्तू इकडून तिकडे देत नाहीत, आणि शेवटी त्याचे नाव घेऊन, काही उणे पडले असेल तर क्षमा कर, अशी त्याची विनवणी करतात. या सेवेला ते खरी दया म्हणतात. जिवंताला केलेल्या उपकारात परतफेडीची आशा कोठे तरी असतेच; मृत माणूस काहीच परत देऊ शकत नाही, म्हणून ही दया खरी.

हे वाचीत असता आमच्याच वसाहतीतला एक प्रसंग मनासमोरून हलेना. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ वारले. कारखान्यात त्यांच्या हाताखाली शेकडो माणसे काम करून गेली होती. मुलगा आणि मुलगी दोघेही परदेशी. ती येईपर्यंत तीन दिवस देह बर्फाच्या पेटीत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जमलो ते अकरा जण; त्यांतले निम्म्याहून अधिक सत्तरीच्या पुढचे. स्नान कोणी घालायचे, तिरडी कोणाला बांधता येते, मडके कोणी आणायचे, यांतले काहीच कोणाला नीट ठाऊक नव्हते. प्रत्येकाने ते गावी, दुसऱ्यांना करताना पाहिले होते. त्यांच्या पत्नी आतल्या खोलीत एकट्या बसल्या होत्या आणि दुपारपर्यंत त्या घरात कोणी चहाही केला नव्हता. यात कोणाचा दोष काढावा? मुले आपापल्या ठिकाणी राबत होती, जसे आम्ही एके काळी आपले आईबाप गावी ठेवून येथे येऊन राबलो. दोष असेल तर तो इतकाच, की आम्ही साठ वर्षांत येथे गणेशोत्सव उभा केला, नाटके केली, वाचनालय चालविले. पण मृत्यूची व्यवस्था 'घरावर' सोपवून मोकळे राहिलो, आणि ते घर मध्यंतरीच्या काळात आमच्यामागे नाहीसे झाले.

आता पुन्हा कोकणाकडे वळू. बेने इस्रायलांच्या परंपरेत अशी कथा आहे, की त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. समुद्राने जी प्रेते किनाऱ्यावर आणली ती या चौदा जणांनी नवगावला पुरली. पुरुषांचा उंचवटा वेगळा, स्त्रियांचा वेगळा. ग्रंथ बुडाले होते. पुढे शतकानुशतके हे लोक तेलाचे घाणे चालवीत, मराठी बोलत, केहिमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी गावांची नावे लावीत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटले. इब्री प्रार्थनांपैकी त्यांना एक शमाच तेवढी आठवत होती. देव एक आहे, एवढेच सांगणारी. सुंतेला तीच, लग्नाला तीच, आणि माती देतानाही तीच. परलोकाची तेरा तत्त्वे त्यांना कोणी शिकविली नव्हती. तरी मृताला कसे न्यावे हे त्यांना विसरता आले नाही.

एलियाहू संदेष्ट्यावर त्यांची विशेष श्रद्धा. हा संदेष्टा मेलाच नाही. अग्निरथातून सदेह स्वर्गाला गेला. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या, असे कोकणातले बेने इस्रायल सांगतात आणि पोहे, गूळ, खोबरे यांचा मलिदा करून त्याच्या नावाने नवस फेडतात. आपल्याकडच्या माणसाला अश्वत्थामा नर्मदाकाठी भेटतो, तसा त्यांना एलियाहू कोकणात भेटला. १८७४ साली पुण्याला वल्हांडणाच्या विधीचे पुस्तक मराठी भाषांतरासह छापले गेले. पुढे त्यांची कीर्तने झाली, तीही मराठीत. त्यांच्या कबरींवर इब्रीच्या सोबतीने मराठी अक्षरे आहेत. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. तेथून ते येतात तेव्हा नवगावला जातात. आज तेथे स्मारक उभे आहे. गाव सोडलेल्या माणसांना परत यायला एक जागा लागते, आणि पुष्कळदा ती जागा जिवंत नातलगांपेक्षा मृतांच्याच जवळ असते.

येथे भिलाईच्या आसपासही अशी जागा नाही, असे नाही. बालोदहून धमतरीकडे जाणाऱ्या वाटेवर करकाभाट येथे हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांची दफनभूमी आहे. दगडांच्या राशी आणि उभे पाषाण दूरवर पसरलेले दिसतात. जवळच धनोरा येथे भिलाईचा कारखाना आकार घेत होता त्याच सुमारास, १९५६-५७ मध्ये, सागर विद्यापीठातर्फे डॉ. मोरेश्वर दीक्षित या मराठी संशोधकाने उत्खनन केले. विदर्भातल्या महुरझरीला याच परंपरेच्या शिलावर्तुळांखाली लोखंडाच्या कुऱ्हाडी सापडल्या, आणि धन्याबरोबर पुरलेले घोडेही. लोखंड हे त्या काळातले ऐश्वर्य होते. ते मृताला सोबत दिले.

आमच्या नगराचा संसार लोखंडावर चालतो. राजहऱ्याच्या डोंगरातले लोहखनिज येते आणि त्याचे रूळ होतात. म्हणून यहुद्यांची एक समजूत आम्हांला थबकविते. वेदीच्या दगडाला लोखंडाचे हत्यार लागू द्यायचे नाही, असा त्यांचा जुना नियम आहे. मिश्ना त्याचे कारण देते: वेदी माणसाचे दिवस वाढविण्यासाठी आहे आणि लोखंड ते कमी करण्यासाठी. त्यांच्या परंपरेतल्या शवपेटीलाही लोखंडी खिळा नसतो. लाकडाच्या खुंट्यांनी ती जोडतात, म्हणजे सगळे सारखेच मातीला मिळते. करकाभाटचा माणूस मृताला सर्वांत मौल्यवान वस्तू देऊन पाठवी, यहुदी माणूस त्याला सर्व वस्तूंपासून सोडवून पाठवी. प्रेम दोघांचेही खरे. आम्हांला मात्र दुसरी रीत अधिक जवळची वाटते. ती गरिबालाही पाळता येते.

यहुदी लोक स्मशानाला 'बेथ हाईम' म्हणतात. त्याचा अर्थ जिवंतांचे घर. अशुभ नाव टाळण्यासाठी केलेली ही योजना असेल. आपणही दिवा विझला म्हणत नाही, निमाला म्हणतो. पण त्या नावात आम्हांला आणखी काही दिसते. कबरीत कोण आहे आणि तो पुढे कोठे जाणार, यावर सदूकी व परूशी भांडले, आपले दर्शनकार भांडले, आणि भांडण मिटलेले नाही. कबरीभोवती जी माणसे जमतात त्यांनी काय करायचे, यावर मात्र फारसे भांडण नाही. स्नान घाला, स्वच्छ वस्त्र द्या, गरीब-श्रीमंत भेद करू नका, आणि परत आल्यावर दुःखी घरच्यांना स्वतःच्या चुलीवरचे अन्न खायला लावू नका. यहुद्यांत हे पहिले जेवण शेजारी आणतात. त्यात मसूर असत. मसुराला जसे तोंड नसते तसे दुःखितालाही तोंड नसते, असे ताल्मूद म्हणते. आपल्याकडे पिठले-भात येतो. त्यालाही कोणी बोलावीत नाही.

गेल्या वर्षापासून आमच्या मंडळात एक वही ठेवली आहे. तिच्यात आजवर बावीस नावे आहेत. कोणाला स्नान घालता येते, कोण तिरडी बांधील, कोणाची गाडी रात्रीअपरात्री निघू शकते, पहिल्या दिवसाचे जेवण कोणाच्या घरून जाईल, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. नावांत दोन तेलुगू आहेत, एक छत्तीसगढी सतनामी आहे. त्याच्याकडे दफनाची चाल आहे, आमच्याकडे दहनाची. खांदा दोन्हीकडे लागतोच. वही उघडायला आरंभी लोक बिचकत. आता स्वतः येऊन नाव लिहितात. अस्थी कोठे न्यायच्या हेही काही जणांनी पुढे लिहून ठेवले आहे, आणि त्यांतल्या तिघांनी शिवनाथ लिहिले आहे.

यहुदी मुलगा बापामागे जी प्रार्थना म्हणतो ती कद्दीश. तिच्यात मृत्यूचा उल्लेख नाही, परलोकाचा नाही, मृताचे नावही नाही. केवळ देवाचे माहात्म्य आणि शांतीचे मागणे आहे. पण ती एकट्याने म्हणता येत नाही. जुन्या नियमाप्रमाणे तिला दहा माणसे लागतात.